वाक्याआधीचं हसू

माकुणसारचं बंद पडलेलं नाट्यगृह पुन्हा उघडलं ते माझ्या तोंडाच्या पट्ट्यानं; पोरं नुसत्या मीटिंगा करत होती.

आमची रीत अशी, की पहिली तालीम भर दुपारी, दारं लावून, रिकाम्या खुर्च्यांपुढे करायची.

धीरज विनोदी वाक्य बोलायला पुढं झाला आणि त्यानं तोंड उघडण्याआधीच खुर्च्यांतून हसू आलं.

"आजी, कोण हसलं?"

"तुझं काम बघून उंदीर हसतात, दुसरं कोण हाय? बोल पुढं, मेल्या!"

दर विनोदाला तसंच झालं. हसू आधी, वाक्य मागून. मला तर अभिमानच वाटला. आमचा प्रेक्षक पहिल्यापासून जाणकार.

मग माझी नात मेघाली रंगमंचावर आली. नाटकातलं सगळ्यांत हसवणारं काम मी भांडून तिला मिळवून दिलं होतं.

ती नुसती उभी राहिली, आणि सगळ्या खुर्च्या रडायला लागल्या.