थंड पाण्यातच धुवा

तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाला लुयेन डोंगरातल्या गावी आली आणि आईच्या अंथरुणाला हात लावताच तिचं डोकं फिरलं. शहरातल्या कारखान्यात राबून तिने पाठवलेलं हे तिसरं ब्लँकेट. त्याचीही मऊ लव आकसून भाताच्या पेंढ्यासारखी राठ झाली होती.

"पुन्हा उकळत्या पाण्यात घातलंस?"

"घातलं," आई चुलीत लाकूड सारत म्हणाली.

"फोनवर किती वेळा सांगितलं, असलं ब्लँकेट थंड पाण्यातच धुवायचं. वाचता येत नसेल तर निदान कडेला शिवलेल्या पट्टीवरचं चित्र तरी बघायचं."

"बघितलं की. बालदी होती. बालदीतच धुतलं."

लुयेनने सोबत आणलेलं चौथं ब्लँकेट उचललं आणि तरातरा अंगणातल्या नळाखाली नेलं. "ये इकडे, बघ कसं धुतात ते."

धुक्यात नळाचं पाणी बर्फासारखं येत होतं. भिजलेलं ब्लँकेट दगडासारखं जड झालं. दोनदा पिळेपर्यंत तिची बोटं लालबुंद झाली, तिसऱ्यांदा मूठच वळेना. तिने हात काखेत दाबून धरले.

आईने कोमट पाण्याचं पातेलं आणून तिच्यापुढे ठेवलं. "घाल हात यात."

लुयेनने हात घातले. शेजारी आईनेही आपली सुजलेली, वाकडी बोटं बुडवली.

"माझी गेल्या हिवाळ्यापासून मिटतच नाहीत. फोनवर सांगितलं असतं, तर तू रात्रपाळ्या वाढवून कपडे धुवायचं मशीन पाठवलं असतंस."