पायरीवरचं जेवण

मिसिसिपीतल्या त्या हिवाळ्यात पायऱ्यांवरही बर्फ साचला होता. आयडेला डुकराचं हाड घालून चवळी शिजवत असताना दार वाजलं. बाहेर रॉस्को, दोन लेकींसकट तिला टाकून मेम्फिसच्या बाईकडे गेलेला नवरा, कुडकुडत उभा होता. “तिकडची चूल विझली वाटतं?” तिनं विचारलं. तो ओशाळून हसला. “चवळीचा वास रस्त्यापर्यंत येतोय गं.” “बस तिथंच.” तिनं चवळी, मक्याचा पाव वाढून ताट पायरीवर आदळलं. तो अधाशासारखा तुटून पडला. थोरली आतून म्हणाली, “आई, घे ना बाबांना आत. गारठून मरतील.” आयडेलाही विरघळली. ‘ये’ म्हणायला तिनं तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात बोटं चाटत तो म्हणाला, “मीठ कमी पडलंय. तुला कधी जमलंच नाही.” तिनं त्याच्यापुढचं ताट उचललं. “घरच्या माणसांना पुरतं,” म्हणत आतून कडी लावली.