उरलेले एकोणीस श्वास

ईश्वर धोत्रेंना रोज सकाळी यंत्राची नळी तोंडात धरून, जोर लावून तीस श्वास ओढायचे असत. छातीचे स्नायू त्याने बळकट होतात, असं दवाखान्यात सांगितलं होतं. अकराव्या श्वासालाच त्यांना धाप लागायची. उरलेले एकोणीस त्यांची बायको कलावती ओढायची. यंत्र प्रत्येक श्वासाची नोंद दवाखान्याला पाठवायचं; तीस भरले नाहीत तर ते परत नेतील, अशी दोघांना धास्ती होती.

महिन्याने नर्स रेहाना आली.

"काका, अकरानंतरचे श्वास तुमचे नाहीत. यंत्राला माणूस ओळखू येतो."

"माझंच चुकलं, बाई," कलावती घाईघाईने म्हणाली. "पण यांचं यंत्र नेऊ नका."

"नेत नाही. मावशी, खडीच्या क्रशरवर त्या धुळीत तुम्हीही होता ना?"

"वीस वर्षं. यांच्याबरोबरच. पण मला काही होत नाही."

"यंत्राला माणसाचा आजारही ओळखू येतो," म्हणत रेहानाने पिशवीतून दुसरं यंत्र काढलं. त्यावर कलावतीचं नाव होतं.

दुसऱ्या दिवशी दोघं शेजारी बसली. आपले अकरा झाल्यावर ईश्वरनी दम खाल्ला आणि कलावतीच्या नळीकडे हात केला.

"आण इकडं. तुझे थोडे मी ओढतो."