हॉर्नचा फ्यूज

कुंभार्ली घाटात, धो धो पावसात, वायपर काचेवर अर्ध्यातच थांबले. ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्विचवर थपडा मारायला सुरुवात केली. खाली चिपळूणला भाचीचं लग्न होतं. मामाच पोचला नाही, तर नवरीला बोहल्यावर कोण आणणार?

"अहो, मोटरचा आवाजच येत नाहीये. करंट पोचत नसेल. फ्यूज बघा की!"

"हळू बोल गं, किती तो आवाज!" गाडीत आम्ही दोघंच होतो. लग्न झाल्यापासून मी हेच ऐकतेय.

ह्यांच्या गुडघ्यांवरून वाकून मी स्टिअरिंगखालचं झाकण काढलं. कुठला फ्यूज कशाचा, त्याचं चित्र आतल्या बाजूला होतं. वायपरचा काढून उजेडात धरला, तर आतली तार जळून तुटलेली. जास्तीचा फ्यूज गाडीत नव्हता. मग त्याच रंगाचा हॉर्नचा उपटला आणि वायपरच्या जागी दाबून बसवला. वायपर लगेच फिरायला लागले.

खुशीत ह्यांनी गाडी काढली. पहिल्याच वळणावर सवयीने हॉर्न दाबला. गाडी मुकी! समोरून एसटी अंगावरच आली. कसेबसे वाचलो.

पुढचं वळण दिसताच ह्यांनी माझ्या बाजूची काच खाली केली. पावसाने माझा शालू भिजायला लागला.

"ओरड," हे म्हणाले. "जोरात ओरड!"

इतक्या वर्षांचा साठा होता. चिपळूणपर्यंत पुरून उरला.