उशाखालची साडी

“लग्नाचा काही कागद आहे का, बाई?”

डहाणूच्या वकीलबाईंनी असं विचारलं, तेव्हा जमनाने शेजारी बसलेल्या काळ्याकडे पाहिलं. चहाबरोबर मिळालेलं बिस्किट अर्धं खाऊन उरलेलं अर्धं तो शर्टाच्या खिशात घालत होता. हे त्याचं नेहमीचंच.

“लगीन कुठं लागलंय आमचं?” ती म्हणाली. “राहिलंय ते.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. “पण दोन मुलं आहेत ना तुम्हाला?”

“आहेत की. संगी नि धाकटा.”

उधव्याच्या त्यांच्या पाड्यात यात नवल काही नव्हतं. बायको घरी आणायची, संसार मांडायचा, पोरंबाळं होऊ द्यायची. मांडव, गावजेवण, लग्न लावणारी धवलेरी, हे सगळं जमेल तेव्हा. कुणाकुणाचं लग्न तर पोराच्याच मांडवात उरकायचं आणि त्यावरून कुणी कुणाला नावं ठेवत नसे.

“मला कळतं हो,” वकीलबाई म्हणाल्या. “पण विमा कंपनीचा वकील विचारणार, या माणसाच्या वतीने भरपाई मागणारी ही बाई कोण? तेव्हा लग्न लावून घ्या आणि ग्रामपंचायतीचा दाखला आणा. तारीख खरीच घाला, आताची. तुमची रीत कोर्टाला मी समजावीन.”

काळ्या वापीला कारखान्यात कामाला होता. गेल्या साली पगाराच्या दिवशी पाड्यातल्याच तुक्याच्या मोटारसायकलवर मागे बसून घरी येत होता आणि तलासरीजवळ टँकरने दोघांना उडवलं. तुक्याचा हात मोडला. काळ्याचं डोकं फुटलं. जखम भरली, पण डोक्यातलं बरंच काही त्या रस्त्यावरच सांडलं.

दवाखान्यात नर्सबायांना तो ‘ताई’ म्हणायला शिकला. घरी आल्यावर जमनाही ताईच झाली. शेजारच्या पोरांशी खेळावं तसा तो स्वतःच्या पोरांशी खेळायचा. घरात बसून ‘घरी जायचं’ म्हणायचा, बोलणं म्हणून एवढंच उरलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, बायको कुठाय तुझी? जमना पुढ्यात उभी होती आणि हा आपला खिडकीतून रस्त्याकडे बघत बसला.

हे सगळं जमनाने गिळलं. एकच गोष्ट तिच्या घशाखाली उतरत नव्हती, ती म्हणजे ती साडी.

पोलिसांनी अपघाताच्या जागेवरून आणून दिलेल्या पिशवीत ती निघाली होती. हिरवीगार, जरीच्या काठाची. दिवसभर शेतावर राबणाऱ्या जमनाने असली साडी नेसायची कधी आणि जायचं कुठे?

तिने तुक्याला विचारलं. “एकटाच गेला होता दुकानात,” तो म्हणाला. “मला बाहेर उभा केलान. लाजत होता.”

लाजत होता म्हणे. घरच्या बायकोसाठी कुणी लाजतं होय? जमनाने तेव्हाच ओळखलं, वापीत कुणीतरी होती. बिस्किटाचा तुकडा, भाकरीचा चतकोर, चिकूची फोड, खिशात जाणारं सगळं तिच्यासाठीच असणार. संध्याकाळी रस्त्याच्या वळणावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची तोंडं बघायची, तीही तिच्यासाठीच. साडी तो उशाखाली घेऊन झोपायचा. एकदा जमनाने तिला हात लावला, तर त्याने तो झटकून टाकला. एरवी हा माणूस कुत्र्यालासुद्धा हाड म्हणत नसे.

तिला राग यायचा. मग आंघोळ घालताना त्याच्या डोक्यावरचा तो खड्डा बोटांना लागायचा आणि राग कुठल्या कुठे जायचा. भरपाई मिळाली तर त्याला मुंबईला नेता येणार होतं, बोलायला शिकवणाऱ्या डॉक्टरांकडे. बोलायला लागला की तो त्या बाईचं नाव घेईल, हे तिला कळत नव्हतं थोडंच. घेऊ दे, ती स्वतःला सांगायची, बोलू तर दे.

मांडव उभा राहिला. भिंतीवर लग्नाचा चौक लिहून झाला. सासू हिराबाई घरात आली आणि जमनाकडे बघून तिने कपाळाला हात लावला.

“संगीचे आई, घरात नवीकोरी साडी असताना हे जुनेर नेसून बसतेस पाटावर?”

“ती माझी नाही, आई.”

“नवऱ्याने आणलेली बायकोची नाही तर कुणाची? नेस गुमान.”

काळ्याला बाहेर हळद लावत होते. जमनाने उशाखालून साडी काढली. दुसरीची साडी नेसून स्वतःच्या लग्नाला उभं राहायचं, काय नशीब म्हणायचं हे.

ती मांडवात आली. काळ्याने मान वर करून पाहिलं आणि तो पाटावरून ताडकन उठला. सुपातले तांदूळ सांडले. त्याने तिचा पदर धरला आणि ओढू लागला. दोघातिघांनी त्याला आवरलं. धवलेरीचं गाणं थांबलं.

लग्न मोडलं की दाखला नाही, दाखला नाही तर भरपाई कसली आणि मुंबईचे डॉक्टर कसले. गप्प राहायला हवं होतं जमनाने. पण वर्षभर दाबून धरलेलं तोंडावर आलंच.

“सोडा त्याला,” ती म्हणाली. “सांग मला, कुणाची आहे ही साडी? आज सगळ्यांसमोर सांग.”

काळ्याने पदर सोडला. त्याचे डोळे भरले होते. मग एकेक शब्द शोधत, तिला वाईट वाटू नये अशा बेताने तो बोलला.

“ताई, तू चांगली आहेस. पण ही नको नेसू. माझ्या जमनाची आहे. आमचं लगीन राहिलंय.”