मोठ्यानं माग

आई देश सोडून कायमची लिमाला येणार होती म्हणून युस्मारी रोज फोनवर तिची तयारी करून घेत होती. "इथं रस्त्यात आपल्या बोलीत बोलायचं नाही, आई. व्हेनेझुएलाची माणसं म्हटलं की घरमालक दार लावून घेतात. मी तर सगळ्यांना इथलीच म्हणून सांगितलंय. आणि चारचौघांत मी तुझ्याकडे आशीर्वाद मागणार नाही हं, त्यावरून लगेच ओळखतात. नुसतं 'आलीस का' म्हणेन."

आईनं ऐकून घेतलं, पण हो म्हटलं नाही.

व्हेनेझुएलातल्या आपल्या माराकाइबोहून बसमागून बस बदलत ती सुजलेल्या पायांनी लिमाच्या स्थानकावर उतरली. युस्मारी पुढे झाली आणि हळूच म्हणाली, "आलीस का?"

आई बॅगेवर बसून राहिली. "कोणाची गं तू?"

"आई, लोक बघतायत!"

"बघू देत. आपल्यात लेक आईला भेटल्यावर आधी काय मागते, ते विसरली असशील तर मी परतीची बस बघते."

"मॅडम, येताय की जाऊ?" टॅक्सीवाला खास लिमाच्या हेलात ओरडला. शेजारची रसवाली हातातलं काम थांबवून बघू लागली. झाडू मारणारी बाईही थबकली.

युस्मारीनं डोळे मिटले आणि सगळ्या स्थानकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आशीर्वाद दे, आई!"

आईनं तोंड उघडायच्या आत टॅक्सीवाला, रसवाली आणि झाडूवाली एकदमच बोलून गेले, अस्सल माराकाइबोच्या हेलात, "देव तुझं भलं करो, पोरी!"