हात मागे

शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर बाबांनी टेबल पुसून घेतलं, त्यावर धुतलेला टॉवेल अंथरला आणि ते साबणाने हात धुवायला गेले. म्हणजे आता नाणी निघणार. आईने ताटं पुसता पुसता लेकीकडे बघून भुवया उडवल्या.

"मला मेलीला जन्मात एवढं जपून धरलं नाही," ती म्हणाली. बाबांना ऐकू गेलं होतं. ते शांतपणे पांढरे हातमोजे चढवत राहिले.

लेक दोन दिवसांसाठी राहायला आली होती. चाळिशी गाठलेली, भाड्याच्या घरात एकटी राहणारी. ती टेबलाच्या कडेला उभी राहिली आणि तिचे हात आपोआप पाठीमागे गेले. लहानपणी तो नियमच होता. बाबा म्हणायचे, "हात मागे." मग ती पाठीशी बोटं गुंफायची आणि तेव्हाच अल्बम उघडायचा. बोटांचा घाम लागला की चांदी डागाळते आणि डागाळलेल्या नाण्याकडे शौकीन लोक ढुंकूनही बघत नाहीत, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं.

तिच्या दर वाढदिवसाला बाबांनी एक चांदीचं नाणं मागवलं होतं. बाहुली नाही, सायकल नाही. नाणं. कशावर जहाज कोरलेलं, कशावर फूल, कशावर पक्षी. आलं की ते अल्बमच्या मऊ प्लॅस्टिकच्या कप्प्यात जायचं. गेलं ते गेलंच. हातमोजे लागायचे ते नुसती पानं उलटायला.

"बँकेत पैसे सडतात, ठमे," बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले. "चांदी सडत नाही. तुझं स्वतःचं घर यातून उभं राहील. मी गेल्यावर पहिल्याच व्यापाऱ्याला देऊन मोकळी होऊ नकोस. दोन-तीन ठिकाणी दाखव."

ती हंसाच्या नाण्याशी थांबली होती. लहानपणी ते तिला सगळ्यांत आवडायचं. हंसाच्या मानेभोवती आता हिरवट साय धरली होती. तिने विचारलं तसे बाबा खुलले. चांदी मुरली की तिच्यावर असे रंग चढतात म्हणाले, आणि खरे दर्दी त्याच रंगाचे जास्त पैसे मोजतात. नीट दिसावं म्हणून ती वाकली. एक हात सुटून पुढे आला.

"अंहं," बाबा म्हणाले आणि त्यांनी अल्बम मिटला.

रविवारी सकाळी आईने चहाला हाक मारली. बाबा उठलेच नाहीत.

लेक धावत खोलीत आली तेव्हा आई उशाशी बसून त्यांचा तळवा चोळत होती, जसा काही तो नुसता गारठला होता. लेक पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. बऱ्याच वेळाने डॉक्टर आले आणि त्यांनी तिला जरा बाजूला व्हायला सांगितलं, तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपले हात पाठीमागे आहेत.

पुढे आईनेच अल्बम पिशवीत घालून तिच्यापुढे ठेवला. "दाखवून ये," आई म्हणाली. "थोडं कमी आलं तरी चालेल गं. पण माणूस आयुष्यभर एकच गोष्ट सांगत राहिला. ती अगदीच खोटी पडायला नको."

पहिल्या दोघा व्यापाऱ्यांनी दोन पानं उलटून अल्बम परत सरकवला. तिसरा म्हातारा होता, त्याला वेळ होता. त्याने दिवा जवळ ओढला आणि हंसाच्या कप्प्यात चिमटा घातला. नाणं येईना. मग चर्र आवाज करत सुटलं. मागे हिरवा चिकट धागा लोंबला. त्याने औषधात बुडवलेल्या कापसाने ते पुसलं. हिरवं निघालं आणि खालची चांदी भोकाभोकांची दिसली. हंसाची मान झिजून गेली होती.

"बाबा म्हणायचे, मुरली आहे," ती म्हणाली.

"मुरलेली वेगळी. ही खाल्लेली आहे, प्लॅस्टिकने."

मऊ प्लॅस्टिक जुनं झालं की पाझरतं आणि आतल्या नाण्याला लागतं, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तशी ही नाणी धड राहिली असती तरी फार काही आलं नसतं. असली नाणी त्या काळी पोत्यांनी निघाली. घरोघरी कुणी ना कुणी जपून ठेवली आहेत, विकणारे ढीगभर आणि घेणारा कुणी नाही. आता फक्त वजनावर जातील. सगळी मिळून चार-सहा महिन्यांचं घरभाडं सुटेल.

"पण त्यांनी कधी हात लावला नाही," ती म्हणाली. "कुणालाच लावू दिला नाही."

म्हातारा भिंग पुसत होता. "लावू द्यायचा होता," तो म्हणाला. "बोटांनी एवढं वाटोळं झालं नसतं."

तो एकेक कप्पा कापून नाणी काट्यावर टाकू लागला. हंसाचं तेवढं काउंटरवर राहिलं होतं. तिने पाठीमागचे हात सोडवले. तिचा हात पुढे आलेला बघून म्हाताऱ्याने सवयीने हातमोज्यांचा डबा तिच्याकडे सरकवला. तिने नाणं तसंच उचललं. ते गार होतं, किंचित चिकट. वाटलं होतं त्यापेक्षा जड. तिने मूठ मिटली.

"ते पण टाकायचं ना?" म्हाताऱ्याने विचारलं.

तिने मान वर केली नाही. मुठीतलं नाणं हळूहळू कोमट होत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला हात लावायचा होता."